साळवे सरांच्या गाडीचं स्टेअरिंग

मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला चांगलं माहीत होतं, आणि तुम्ही गेलात तर लोकांनी मला एका जागी बसवूनच ठेवलं. घोंगडीवरून उठू नको, दारात जाऊ नको, ह्याला शिवू नको, त्याला शिवू नको. थोरल्या वन्स माझ्या शेजारी राखणीला बसल्या होत्या. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, मीही रडायचे, आणि रडता रडता माझी नजर खिडकीतून अंगणापलीकडच्या शेडमध्ये जायची. तिथे साळवे सरांची पांढरी गाडी उभी होती. पुढची चाकं वळलेली, तुम्ही सोडलीत तशी. चाकाजवळ तुमचं पोतं अंथरलेलं होतं. ते कुणी उचललंही नव्हतं.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले. वन्स आज सकाळच्या एसटीने गेल्या, जाताना म्हणाल्या, ‘कुशावर्ता, आता शांत राहा.’ कशी राहू शांत? सकाळपासून मी तीनदा शेडमध्ये जाऊन आले आणि प्रत्येक वेळी कशाला गेले होते ते विसरून परत आले. शेवटी आपल्या ज्योतीच्या शाळेच्या वेळचे उरलेले कागद शोधून लिहायला बसले. हे सगळं तुमच्याशीच बोलायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, मिस्तरी म्हणजे देवमाणूस. मी पदर डोळ्याला लावून मान हलवायचे. तुम्ही देवमाणूस वगैरे नव्हता हो. तुम्ही एक नंबरचे हट्टी होता. आमटीत मीठ जास्त पडलं तर आठ दिवस तेच उकरून काढायचात आणि स्वतः शर्टाला ग्रीस पुसायचात, ते मात्र मी बोलायचं नाही. पण हाताला तुमच्या खोट नव्हती. मंठ्याच्या ह्या रस्त्यावर चार गॅरेज झाली, दोघांकडे मशिनी आल्या, तरी स्टेअरिंग ढिलं झालं की लोक आपल्याकडेच यायचे. आल्या आल्या म्हणायचे, ‘मिस्तरी, गाडी ऐकत न्हाई.’

मग तुमचा तो ठरलेला प्रश्न. ‘ऐकत न्हाई म्हंजे कसं? उशिरा ऐकती, का एकाच बाजूचं ऐकती, का बिलकुल तोंड वळवत न्हाई?’ उशिरा ऐकत असेल तर कुठला तरी सांधा झिजलाय. एकाच बाजूला ओढत असेल तर आधी टायरातली हवा पाहायची. तोंडच वळवत नसेल, स्टेअरिंग जड असेल, तर तेल कमी आहे का ते पाहायचं. मी एकदा गिऱ्हाइकासमोरच म्हणाले होते, ‘हे तिन्ही आजार आमच्या घरात एकाच माणसाला हायेत.’ गिऱ्हाईक हसलं. तुम्ही हसला नाहीत, पण त्या दिवशी दुपारी पेढे आणलेत. ते कशाचे, हे तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सांधा शोधायला मात्र दोन माणसं लागतात. एकाने वर सीटवर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. झिजलेला सांधा हाताखाली टक् करतो. डोळ्याला तो दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, फक्त बोटांना कळतो. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी रंगनाथ भाऊजी मामाच्या गावाला गेले होते आणि वर बसायला माणूस नव्हता, म्हणून तुम्ही मला चुलीपासून उठवून नेलंत. माझे हात पिठाचे. मी त्या जीपमध्ये चढून बसले आणि स्टेअरिंग असं गरागरा फिरवलं की खालून तुमची बोंब आली. ‘आगं बोटं राहू दे माझी! जात्यावर बसलीस का?’ मग तुम्ही बाहेर डोकं काढून शिकवलंत. ‘पीठ चाळतीस ना, तसं हलव. हळू. हाताला थांबाय लागलं की थांब.’ रस्त्याने जाणारे बघत होते. सासूबाईंनी त्या दिवशी जेवताना तोंड फिरवलं. मिस्तरीची बायको ड्रायव्हर झाली म्हणून गल्लीत हसू झालं ते वेगळंच.

पण तेव्हापासून ती जागा माझी झाली. मला गाडी चालवता येत नाही, आजही येत नाही, पण मंठा, परतूर, जाफराबाद कुठकुठच्या जीपा आणि कारच्या सीटवर मी बसले असेन. हळूहळू माझ्याही हाताला कळायला लागलं. चांगलं स्टेअरिंग हलवलं की लगेच पुढचं वजन हाताला लागतं. ढिलं असेल तर आधी थोडी जागा पोकळ जाते, मग वजन लागतं. ती पोकळ जागा केवढी, ते मी वरून सांगायची आणि कुठली, ते तुम्ही खालून. अंतरवाली सराटीच्या त्या नव्या नवरदेवाची गाडी आठवते? तुम्ही पोत्यावर पडून घामाघूम झालात, एकेक सांधा तपासलात, सगळं टणक, आणि मी वर हसून हसून बेजार. त्याने हौसेने स्टेअरिंगला मऊ कव्हर घातलं होतं आणि नुसतं कव्हरच गोल फिरत होतं! त्यानंतर गिऱ्हाईक आलं की तुम्ही म्हणायचात, ‘आधी मंडळीला बसू द्या, मंग माझं काम.’ मला ते ऐकायला आवडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि आपलं सगळं खरं बोलणं तिथेच व्हायचं. घरात समोरासमोर बसलो की तुम्ही पेपर वाचायचात आणि मी भांडी आपटायचे. पण मी सीटवर आणि तुम्ही गाडीखाली, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, मधे लोखंड, अशात जीभ सुटायची. ज्योतीला जाफराबादच्या स्थळी द्यायचं का नाही, ते एका जीपचा सांधा शोधताना ठरलं. सासूबाईंच्या आजारपणात तुम्ही एकदा खालून म्हणालात, ‘कुशे, मला भ्या वाटून राह्यलंय.’ तेवढंच. मी वरून म्हणाले, ‘मला बी.’ मग तुम्ही म्हणालात, ‘हलव.’ आणि मी हलवलं. आयुष्यभर मला वाटत आलं की गाडीखालून तुम्ही माझ्याशी खोटं बोलत नाही.

साळवे सरांची गाडी आली त्या दिवशी भाऊजी सोयाबीन काढायला शेतात गेले होते. सरांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच होती. आईच्या किडन्या गेलेल्या, रक्त शुद्ध करायला तिला नेमाने जालन्याला न्यावं लागतं, आणि म्हातारी एसटीत बसू शकत नाही. सर म्हणाले, ‘मिस्तरी, सरळ रस्त्यावर सुद्धा सारखा हात चालू ठेवावा लागतो. ट्रक समोरून आला की काळजात धस्स होतं. आई मागच्या सीटवर झोपलेली असते.’ गाडी ठेवून ते शाळेत गेले. तुम्ही आधी हवा पाहिलीत. पुढच्या एका टायरात कमी होती, ती भरली. मग पोतं अंथरून खाली गेलात आणि मला हाक मारलीत.

‘हलव.’

मी हलवायला लागले.

‘हलव म्हणलं ना.’

‘हलवूनच राह्यले की!’

मग म्हणालात, ‘जोरात हलव.’

इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी जोरात म्हणाला नव्हता. मी जोरात हलवलं. माझ्या हाताला पोकळ इतकी स्पष्ट लागत होती की आंधळ्यालाही कळावं. आणि धक्का डाव्या बाजूने येत होता, चाकाजवळून नाही, जरा आतून. रबरी टोपीच्या आत जो सांधा असतो, तिथून. तो रबरावरून बोटांनी दाबून पाहावा लागतो, हे मला तुम्हीच दाखवलं होतं.

‘आतला पाहा, डावीकडचा,’ मी म्हणाले.

‘पाहिला. काई न्हाई त्याला.’

‘परत पाहा. पोकळ लागून राह्यलंय मला.’

‘न्हाई म्हणलं ना. हवा कमी होती, तेवढंच होतं.’

‘हवेनं असं होतं का कधी? आज काय हाताला मेंदी लावून बसलात का?’

‘तुझा हात सांगणार का माझा?’ तुम्ही खालून ओरडलात. मग मीही ऐकून घेतलं नाही. म्हणाले, ‘वय झालं तुमचं. आता रंगनाथ भाऊजीला खाली घालत जा आणि तुम्ही वर बसा.’ तुम्ही खूप वेळाने बाहेर आलात, पोत्यावरच बसलात, फडक्याने हात पुसत राहिलात. पुसून झाले तरी पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘जा, च्या टाक.’

मी फणकाऱ्याने गेले. चहा होईतो सर शाळेतून आले होते. मी कप बाहेर ठेवले आणि आत वळले. शेडच्या दारात तुम्ही दोघं बोलत होता, ते मला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता हे गाडी काढून देतील. पण सर पायीच स्टँडकडे गेले आणि गाडी तिथेच राहिली. का राहिली, हे विचारायला माझी जीभ वळवळत होती. पण मी म्हटलं, नाही विचारणार. स्वतः होऊन बोलू दे. संध्याकाळी तुम्ही ‘भूक न्हाई’ म्हणालात तेव्हा मला वाटलं, रुसलात. मीही आग्रह केला नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असे आपण दोघंही.

सकाळी मोरीजवळ तुमच्या हातातून तांब्या सुटला आणि पाठोपाठ तुम्ही.

जालन्याला नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती आणि बोलणं बंद झालं होतं. तुमच्याविषयी हे लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही. आयुष्यभर ज्या तोंडाला मी ‘गप बसा’ म्हणाले, ते गप बसलं. डॉक्टर तरुण होता, बिचारा समजावून सांगत होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली म्हणाला. त्याने विचारलं, ‘आदल्या दोन-तीन दिवसांत हाताला मुंग्या, बधिरपणा, असं काही म्हणाले होते का?’ मी ठामपणे म्हणाले, ‘नाही. मला सांगितलं असतं त्यांनी.’ तुम्ही ते ऐकत होता. डोळे उघडे होते तुमचे. डाव्या हाताने माझं मनगट धरलंत आणि काहीतरी सांगायला बघत होता. मी म्हणाले, पाणी पाहिजे का? तुम्ही डोळे मिटलेत. मग पाणी, मग उशी, मग पंखा, मी एकेक विचारत बसले. विचारायचं ते सुचलंच नाही मला.

घरी आणलं ते तुम्हाला नाही. पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही, असतं तसंच झालं सगळं.

दहावा व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. भाऊजी दारात उभे राहून वन्सला सांगत होते, ‘साळवे सरचा फोन आल्ता. आईला न्यायचंय, गाडी दुरुस्त झाली का इचारून राह्यले. दादानं पाह्यली होती म्हणं, हवा भरली होती. देऊन टाकतो.’

‘देऊ नका,’ मी घोंगडीवरून म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. वन्स म्हणाल्या, ‘तुला काय करायचंय आता गाडीचं?’

‘तिचा आतला सांधा गेलाय.’

‘दादा तर काई न्हाई म्हणला ना वहिनी? तुमीच सांगितलं आम्हाला, त्यावरून तुमचं भांडण झालं म्हणून.’

खरं होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी रडत रडत तेच सांगत होते, शेवटचं भांडलो हो आम्ही, गाडीवरून भांडलो. आता मी उभी राहिले. ‘कुठं निघालीस? सुतकात?’ वन्सनी माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला. अंगण ओलांडलं. तुम्हाला खरं सांगते, त्या अंगणात माझ्या मनात दोन बाया भांडत होत्या. एकीला जिंकायचं होतं. मेला तरी नवराच तो, त्याला दाखवून द्यायचं होतं की माझा हात बरोबर होता. दुसरी म्हणत होती, देवा, मी चुकीची निघू दे. कारण तुमच्या बोटांना न लागणारा सांधा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि लागला नसेल तर का लागला नाही, ह्या प्रश्नाकडे मला जायचं नव्हतं.

मी सीटवर बसले. ज्योती धावत मागे आली होती, वन्स ओट्यावरून बघत होत्या, आलेल्या बायका दारात. भाऊजी तुमच्या पोत्यावर आडवे झाले. मी हलवलं. जेमतेम हलवलं असेल.

‘आयला,’ भाऊजी म्हणाले.

मी हात काढून घेतले.

‘वहिनी, हे तर पार गेलंय. हाताला ठोकेच बसून राह्यलेत. अजून थोडं चाललं असतं तर रस्त्यात निखळलं असतं.’ ते बाहेर आले, उठून बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं. ‘दादाला कसं काय लागलं न्हाई हे?’

मी जिंकले होते. डॉक्टरचा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

तेवढ्यात सर मोटरसायकलवरून आले. सुतकाच्या घरी लोक पाणी घेत नाहीत, पण सर आले की ज्योतीकडून पाण्याचा पेला मागून घ्यायचे, म्हणायचे, ‘आमच्यात हे सुतक पाळत नाहीत.’ त्या दिवशीही पेला हातात घेतला. भाऊजी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडल्यासारखे उभे राहिले. ‘सर, गाडी देता येत न्हाई आज. दादाच्या हातून चुकलंय. आतला सांधा त्याला बराबर समजला न्हाई.’

सर म्हणाले, ‘चुकलं नाही त्यांचं. ते मला म्हणाले होते.’

‘काय म्हणाले होते?’ मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग पेल्याकडे. ‘ताई, मला वाटलं, मागून तरी तुम्हाला बोलले असतील.’

‘काय म्हणाले होते सर?’

‘म्हणाले, गाडी नेऊ नका. माझी मंडळी म्हणते आतला सांधा गेलाय, आणि तिचा हात चुकत न्हाई. पण माझ्या उजव्या हाताला दुपारपास्नं काईच समजून न्हाई राह्यलं. दगडावर ठेवला का कापसावर, तेवढं बी न्हाई. उद्या रंगनाथ आला की त्याला पाहायला लावतो, मंग तुमच्याच गाडीत मी बी येतो जालन्याला, तुमच्या आईसंग, मोठ्या डॉक्टरला दाखवतो. मी म्हटलं, आत्ताच चला मिस्तरी, जीपने जाऊ. तर म्हणाले, न्हाई, एक दिवसानं काय होतं. आणि मंडळीला बोलू नका. उगंच घाबरंल.’

भाऊजी मटकन पोत्यावर बसले. ज्योती रडायला लागली. सर म्हणत होते, मी त्यांना ओढून न्यायला पाहिजे होतं ताई, मी ऐकायला नको होतं. मी म्हणाले, ‘तुमचं काय चुकलं सर. त्यांना कुणी ओढून नेलंय का कधी?’ आणि हे बोलताना मला इतका संताप आला की शेडच्या खांबाला डोकं आपटावंसं वाटलं.

सरांवर नाही. तुमच्यावर. अहो, बायको वर बसली होती ना? हाताभरावर? परक्या माणसाला सांगितलंत, आणि मला ‘च्या टाक’ म्हणालात! घाबरले असते मी, हो, घाबरले असते. बोंबलत उठले असते, रस्त्यावर आडवी पडून पहिली दिसेल ती गाडी थांबवली असती, तुम्हाला शिव्या घालत जालन्याला नेलं असतं. तेच नको होतं तुम्हाला. डॉक्टर म्हणतो, लवकर आला असता तर काही करता आलं असतं. असतं का नसतं, आता कोण सांगणार. ह्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. दिवा लावते, फोटोला हार घालते, आणि माफ केलेलं नाही.

आणि तरी, दुपारी चुलीपाशी बसले की तुमचं दुसरं वाक्य आठवतं. तिचा हात चुकत न्हाई. हेही तुम्ही मला सांगितलं नाहीत, त्या परक्या माणसालाच सांगितलंत. स्वतःचा हात गेला तरी त्या म्हातारीची गाडी तुम्ही रस्त्यावर जाऊ दिली नाहीत. माझ्याशी भांडत होता, नाही नाही म्हणत होता, आणि बाहेर जाऊन माझ्याच शब्दावर गाडी अडवून ठेवलीत. ह्याच्यावर रागावू तरी कशी? मग पुन्हा राग येतो. मग पुन्हा हे आठवतं. सकाळपासून शेडमध्ये फेऱ्या चालल्या आहेत त्या ह्यामुळेच.

सरांची आई त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीतून जाऊन आली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी नवा सांधा आणून बसवला, आता गाडी चांगली चालते म्हणतात. तुमचं काम पुरं झालं, तेवढी काळजी करू नका.

पण जुना सांधा खोलायच्या आधी मी एक केलं. सर गेल्यावर ज्योतीला म्हणाले, ‘तू वर बस.’ ती बसली. मी पदर खोचला आणि त्या पोत्यावर आडवी झाले. ओट्यावरून वन्स ओरडल्या, भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, नका ना.’ मी सरपटत आत गेले. आयुष्यभर मी ह्या गाड्यांच्या वर बसले, खाली कधी गेले नव्हते. खाली गरम होतं, तेलाचा वास होता, आणि लोखंड नाकाला लागतंय असं वाटत होतं. वरचं माणूस बिलकुल दिसत नाही. नुसता आवाज येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा येतो.

‘आई, हलवू का?’

मी हात वर केला, रबराच्या टोपीवर बोटं ठेवली आणि दाबली.

‘हलव.’

तुमच्यासारखी शिकलेली बोटं नाहीत माझी. पहिलीच वेळ. तरी तो ठोका असा लागला की मनगटापर्यंत आला. ज्योती हलवत होती आणि तो लागत होता, परत लागत होता, ती वरून विचारत होती, ‘लागतंय का आई? आई, बोल ना, लागतंय का?’ आणि मी बोटं तशीच दाबून धरली होती.

अहो, इथे पडून तुम्ही बोटं दाबत होता आणि काहीच येत नव्हतं. एकदा दाबलंत, परत दाबलंत, मला जोरात हलवायला लावलंत. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं की गेलंय ते नुसतं गाडीचं नाही. एकटे ह्या अंधारात पडून होता, मी वर टणटण बोलत होते, आणि तुम्ही किती घाबरला असाल हो?